थांबलेल्या घोड्याची सकाळ

३ मार्च

आजपासून दैनंदिनी लिहायची. मोठ्या माणसांच्या माघारी लोक त्यांचे कागद शोधत बसतात, म्हटलं त्यांची सोय आपणच करून ठेवावी. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे, म्हणजे वाचणाऱ्याला त्रास नको. हिने मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ओळी उताराला लागल्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरातल्या माणसाचं कौतुक करायला हिची जीभ अजून रेटत नाही.

तर झालं असं, की नव्या वाचनालयाचं काम बघणाऱ्या वास्तुकार बाई आज स्टुडिओत आल्या. वाचायच्या दालनातली एक आख्खी भिंत त्यांनी कोरी ठेवली आहे. तिथे त्यांना माझा घोडा हवा आहे.

घोडा म्हणजे तळ्याकाठचा कडा. इथल्या प्रत्येक पोराला त्याची गोष्ट पाठ असते. स्वार तळं पोहून पलीकडे गेला, जाताना घोड्याला म्हणाला, इथेच थांब. स्वार काही परत आला नाही. घोडा थांबून थांबून दगड झाला, पण जागचा हलला नाही. मान पाण्यावर झुकलेली आणि दोन्ही कान पलीकडच्या काठाकडे टवकारलेले. गेल्या हिवाळ्यात दरड कोसळली आणि त्याचा डावा कान पाण्यात गेला. दोन कानांच्या घोड्याचे फोटो लोकांकडे ढिगाने असतील. पण पाणी निवांत, धुकं घोड्याच्या गुडघ्यापर्यंत आणि दोन्ही कानांच्या टोकांवर पहिलं ऊन, असा एकच आहे आणि तो माझ्या कपाटात आहे. आता कोणी कितीही महागडा कॅमेरा आणला तरी दुसरा होणे नाही.

हा फोटो घरोघरी आहे, पण त्याचंच तर दुःख आहे. माझ्या तरुणपणी एका कॅलेंडरवाल्याने तो घेतला आणि छापताना त्याला काय सुचलं कोण जाणे, सगळा नारिंगी करून टाकला. तेव्हापासून न्हाव्याकडे, दवाखान्यात, बिस्किटांच्या डब्यावर, जिथे बघावं तिथे माझा घोडा आगीत उभा. लोक मला नारिंगी घोडेवाले म्हणून ओळखतात. त्या सकाळी नारिंगी असं काहीही नव्हतं. मी तिथे होतो.

बाई म्हणाल्या, जसा होता तसा द्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे एवढं वाक्य ऐकायला मला म्हातारं व्हावं लागलं. माझ्या डोळ्यांदेखत ती सकाळ एकदा तरी खरी दिसली पाहिजे, मग नारिंगी घोडेवाला म्हणून मेलो तरी चालेल.

५ मार्च

काम सुरू. स्टुडिओ हल्ली माझी मुलगी चालवते. मी तिला कारभारीण म्हणतो. आधी चिडायची, आता फोनवरही खुशाल ‘कारभारीण बोलतेय’ म्हणते. कॉम्प्युटर तिचा, छपाईची यंत्रं तिची. माझ्याकडे फक्त एक पेन्सिल आहे, पण सगळं अडतं ते त्या पेन्सिलीपाशी. आमच्या दुकानाचा नियमच आहे, फोटोच्या मागे माझी बरोबरची खूण असल्याशिवाय तो दाराबाहेर जात नाही. लग्नाचा असो नाहीतर पासपोर्टचा. मी बघणार, पसंत पडला तर उलटा करून खूण करणार. कारभारणीने इतक्या वर्षांत एकदाही ती पेन्सिल हातात घेतलेली नाही. मागितलीही नाही. शहाणी आहे.

आज मूळ स्लाइड काढली आणि उजेडाच्या टेबलावर ठेवली. बघतो तर ती पार पिवळी पडलेली. मी कारभारणीला तसं म्हटलं. तिने स्लाइडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा स्लाइडकडे. म्हणाली, बंद डब्यात अंधारात होती, बाबा. मी म्हटलं, अंधारात ठेवली तर माणसंसुद्धा पिवळी पडतात. त्यावर ती हसली नाही. एरवी माझ्या विनोदांवर हसते, नियमाने नसली तरी आठवड्यातून दोनदा.

८ मार्च

स्लाइडचा पिवळेपणा घालवायचा तर निळा वाढवायला लागणार. हे फोटोग्राफीतलं बाळबोध गणित आहे. मी निळा वाढवतो आहे. पण कारभारणीने जो नवा पडदा घेतला आहे तोही पिवळट. टेबलावरचा दिवाही तिने पिवळाच आणला. सांगितलं की म्हणते, पांढराच आहे. घरी धुण्याची पावडर बदललेली दिसते, चादरीसुद्धा मळकट निघतात. एकूण सगळ्याच मालाचा दर्जा घसरला आहे. पूर्वी पांढरं म्हणजे पांढरं असायचं.

संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले. प्रत्येक दिव्याभोवती मोठं कडं. मी कारभारणीला म्हटलं, दिव्यांना कडं पडलंय, हवा फार दमट झालीय. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, चला, मी सोडते घरी. मी म्हटलं, मला काय झालंय? तरी हात धरूनच पायऱ्या उतरवल्या. लेकी म्हाताऱ्या बापांचे असे लाड करतात, करू द्यावेत.

९ मार्च

एक मोजा काळा आणि एक निळा घालून दिवसभर हिंडलो असं हिचं म्हणणं आहे. मला दोन्ही काळेच दिसले. हिला भांडायला काहीतरी लागतंच.

१४ मार्च

जेवताना कारभारणीने अचानक आईला विचारलं, त्या सकाळी पाणी कसं होतं गं?

ही त्या सकाळी माझ्याबरोबर होती. तेव्हा आमचं नवीनच लग्न झालं होतं. कॅमेऱ्याच्या तिपाईचा एक पाय चिखलात रुतत होता, तो ही दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी ओरडत होतो, हलू नकोस. ही म्हणत होती, लवकर आटपा. असा तो अजरामर फोटो निघाला.

ही म्हणाली, “राखाडी. माझ्या अंगावर शाल होती ना, अगदी त्या रंगाचं. आणि तुझा बाप थंडीने निळा.”

कारभारीण हसली, मीही हसलो, पण मनात म्हटलं, बायकांना रंग आठवतात ते कपड्यांचे. चिखलात बसलेल्या बाईला पाणी काय दिसणार? त्या शालीचं एक टोक फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आलं आहे. कॅलेंडरवाल्याने ते कापलं होतं. त्याने केलेलं तेवढं एकच काम बरोबर होतं म्हणून मीही कापलं. घोड्याच्या फोटोत शालीचं काय काम?

१५ मार्च

कारभारीण कपाट उपसून तीच जुनी शाल स्टुडिओत घेऊन गेली. म्हणे तिथे गार होतं. बाहेर घामाच्या धारा लागल्यात. हल्लीच्या मुलांना सोसत म्हणून काही नाही.

१८ मार्च

आज भांडण झालं. लिहायचं नव्हतं, पण दैनंदिनीत खोटं लिहू नये म्हणून लिहितो.

मी आत गेलो तर पडद्यावर दोन घोडे. एक माझा आणि शेजारी एक दुसरा. म्हणाली, हा मी करून पाहिलाय, बघता का. तिच्या मांडीवर ती शाल होती. मी पाहिलं. सगळा मळका, पिवळट, कोणीतरी चहाचं पाणी ओतल्यासारखा. मी सांगितलं की हा कॅलेंडरवाल्याचा धाकटा भाऊ दिसतो. ती म्हणाली, यंत्राने मोजून केलाय. मी म्हटलं, यंत्राला त्या सकाळची थंडी वाजली नव्हती. मग ती खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, बाबा, तुमच्या घोड्याचं पाणी तुम्हाला कसं दिसतं, खरं सांगा. जणू मी परीक्षेला बसलो आहे. मला कुठून तिरीमिरी आली कोण जाणे.

म्हटलं, “तुला हात चांगला आहे. नजर नाही. ती यावी लागते.”

तिने दुसरा घोडा पडद्यावरून काढला, शालीची घडी केली, परत उलगडली आणि परत घडी केली. मग दारात गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेली.

खरं ते सांगायलाच हवं. माझ्या गुरूंनी मला याहून वाईट शब्दांत सांगितलं होतं आणि माझं भलंच झालं. पण रात्री जेवण गेलं नाही. हिला कोणी सांगितलं कोण जाणे, ताट वाढलं ते आपटूनच.

२० मार्च

समोरच्या चष्मेवाल्याकडे बसलो होतो. हा माझा शाळेपासूनचा मित्र. याला जगातली सगळी माणसं आंधळीच दिसतात, धंदाच तसा आहे. मला म्हणाला, ये ना लेका, तुझे डोळे एकदा बघू. मी म्हटलं, या डोळ्यांनी दोन कानांचा घोडा बघितलाय, तू तुझी गिऱ्हाइकं बघ. निघताना पाहिलं तर कारभारीण त्याच्या दाराशी आली होती आणि दोघं काहीतरी कुजबुजत होते. मला बघून गप्प झाले. तिला चष्मा लागला असणार. माझ्यापासून लपवते आहे, वेडी.

२२ मार्च

नमुना छापून आला. हातभर लांबीचा. खिडकीपाशी नेऊन बघितला, दिव्याखाली बघितला. पाणी निळं, धुकं निळसर, घोडा शांत. हीच ती सकाळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे मी लिहून ठेवतो आहे, लाजायचं काय त्यात? फोटो उलटा केला आणि मागे खूण केली. जन्मात केली नव्हती एवढी मोठी.

कारभारणीने विचारलं, “म्हणजे हाच रंग, बाबा? नक्की?”

“हाच.”

तिने तो कागद दोन्ही कडांना धरून उजेडात नेला, पुन्हा बघितला. मग म्हणाली, भिंतीच्या छपाईचं मी स्वतः बघते, तुम्ही कशाला तिकडे दगदग करता. त्या दिवशीचं सगळं विसरली पोर. मन मोठं आहे तिचं, माझ्यावर गेली आहे.

६ एप्रिल

आज वाचनालय उघडलं. माणसं एवढी, की खुर्च्या पुरल्या नाहीत. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नसेल तेही आले होते. घोडा भिंतभर. जमिनीपासून छतापर्यंत. माझ्या छातीत असं काही भरून आलं, की वास्तुकार बाईंनी दिलेलं पाणी अर्धं अंगावर सांडलं.

मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, कॅलेंडरवाल्यांनी माझ्या घोड्याला आग लावली होती. आज मी त्याला पुन्हा निळ्या पहाटेत आणून उभा केला आहे. बघा ती निळाई.

क्षणभर सभा एकदम गप्प. लोकांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. मग मागून कारभारणीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. भावना अनावर झाल्या की माणसांना टाळ्यासुद्धा सुचत नाहीत, हे मी पूर्वीही पाहिलं आहे.

चष्मेवाला येऊन म्हणाला, घोडा आज पहिल्यांदा गार वाटला रे. तो सहसा असं बोलत नाही. ही मात्र सारा वेळ भिंतीच्या डाव्या कोपऱ्याशी रेंगाळत होती. चित्र मध्यभागी असतं हे हिला कोणी सांगावं? त्या कोपऱ्यात खाली मला कसला तरी धुरकट पट्टा दिसला. छपाईत डाग पडला असणार, कारभारणीला सांगायला हवं.

एकच गोष्ट खटकली. दालनातले दिवे पिवळे आहेत. त्यांनी माझी निळाई पार खाऊन टाकली. वास्तुकार बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवे पांढरे आहेत, मी स्वतः निवडलेत. आणि कारभारणीकडे बघायला लागल्या. कंत्राटदाराने त्यांना फसवलेलं दिसतं. बिचाऱ्या.

७ एप्रिल

चष्मेवाला सकाळीच दुकानात आला. म्हणाला, दिवे पिवळे की तुझे डोळे, लाव पैज. हरेल त्याने दुसऱ्याच्या दुकानाची काच पुसायची. आता माझ्यासारख्या माणसाला कोणी असं डिवचलं तर मी सोडणार होय? कारभारीण म्हणाली, जाऊ द्या ना बाबा, कशाला त्यांच्या नादी लागता. ती नको म्हणाली म्हणूनच गेलो.

त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांत उजेड मारला, अक्षरं वाचायला लावली. खालच्या ओळी त्याने मुद्दाम पुसट छापल्या आहेत असं मी म्हटलं. शेवटी दिवा बंद करून म्हणाला, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. एवढा पिकला की माणसाला सगळं पिवळं दिसतं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काच आत्ता नको पुसूस, नीट दिसायला लागल्यावर पूस.

आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, एकामागून एक. ही आणि कारभारीण दोघींनी ऐकलं आणि एकीलाही धक्का बसला नाही. बायका आतून खंबीर असतात.

२० एप्रिल

उजव्या डोळ्याचं झालं. दुखलं नाही. पट्टी आहे, म्हणून ओळी आज खरोखरच उताराला असतील.

२१ एप्रिल

पट्टी काढली.

काय लिहू? दवाखान्याची भिंत पांढरी होती. इतकी पांढरी, की मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, रात्रीत रंग दिलात का. त्या हसल्या, त्यांना हा प्रश्न रोजचा असावा. बाहेर आलो तर आभाळ जुनं नव्हतंच. घरी आलो, चादर दोरीवर वाळत होती, तीही पांढरी. पावडरवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आणि ही. हिचे केस. दारात उन्हात उभी होती आणि केस सगळे चांदीचे. मी म्हटलं, हे कधी झालं? मला कोणी सांगितलं नाही. ही म्हणाली, “तुमचेही झालेत. आरसा बघा, म्हणजे एकट्या मला म्हातारी म्हणणार नाही.” सुंदर दिसते. तोंडावर म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितो.

२२ एप्रिल

आजचं सगळं लिहायचं आहे.

सकाळी कोणी यायच्या आत स्टुडिओत गेलो. नव्या डोळ्याने घोडा बघायची घाई झाली होती. कॉम्प्युटर लावला, माझा फोटो उघडला. घोडा शाईच्या दौतीत बुचकळून काढल्यासारखा. पाणी निळं, धुकं निळं, ऊन पडलेले कानसुद्धा जांभळट. नमुना काढला, उलटा केला, मागे माझी ती भली मोठी खूण. हे मी केलं होतं. हे मी भिंतीवर लावलं होतं, सगळ्यांसमोर, भाषण करून. ती गप्प झालेली सभा आठवली आणि कानशिलं तापली. कॅलेंडरवाल्याने घोडा जाळला, मी बुडवला. आणि पोरीने दुसरा करून दाखवला होता तेव्हा तिला म्हटलं, नजर नाही.

एकच सुचलं, लोक यायच्या आत तो झाकायचा. तसाच घरी आलो, दोरीवरची चादर ओढली, काखोटीला मारली आणि वाचनालय गाठलं. एवढ्या भिंतीला एक चादर कितीशी पुरणार, हा विचार तेव्हा मनात आला नाही. ग्रंथपाल नुकतंच दार उघडत होते. मी त्यांना नमस्कारही न करता आत घुसलो.

आणि थांबलो.

पाणी राखाडी होतं. मऊ, निवांत, अजून झोपेत असलेलं. धुकं घोड्याच्या गुडघ्यांना बिलगलेलं, ना निळं ना पिवळं, धुक्यासारखंच. आणि दोन्ही कानांच्या टोकांना पहिल्या उन्हाचा इतका फिका गुलाबी, की नसल्यासारखा. मला चिखलाचा वास आला. ही म्हणाली, लवकर आटपा, असं ऐकू आलं. ती सकाळ भिंतीवर उभी होती, जशी होती तशी.

मी उजवा डोळा मिटला आणि जुन्या डाव्याने पाहिलं. मळका, पिवळट, चहाचं पाणी ओतलेला. हाच तो. कारभारणीच्या पडद्यावरचा दुसरा घोडा. मग डावा मिटून उजवा उघडला, तर पुन्हा सकाळ. ग्रंथपाल बघत राहिले, एक म्हातारा काखेत चादर घेऊन भिंतीला डोळे मारतो आहे.

मग जवळ गेलो. डाव्या कोपऱ्यात खाली, जिथे मला डाग दिसला होता, तिथे शालीचं टोक होतं. कारभारणीने ते कापलं नव्हतं. पाण्याचा आणि शालीचा रंग एकच. आता कळलं, पोर ती शाल मांडीवर घेऊन का बसली होती. चिखलात तिपाईचा पाय धरून बसलेली माझी बायको त्या भिंतीवर होती, आणि उद्घाटनाच्या दिवशी तिथेच उभी राहून स्वतःला बघत होती. मी म्हणत होतो, चित्र मध्यभागी असतं.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण थोडा वेळच. मग जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं, घोडा टिपला तेव्हाही नाही. माझ्या पोटच्या पोरीने, मी नजर नाही म्हणून हिणवल्यावर, माझ्या पेन्सिलीला न जुमानता खरी सकाळ ओळखली आणि भिंतीवर लावली. आणि वर मागून पहिली टाळी वाजवली. छाती एवढी फुगली, की ग्रंथपालांनी खुर्ची पुढे केली. त्यांना वाटलं दुखतंय.

स्टुडिओत आलो तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर उभी होती. पडद्यावर माझा निळा घोडा तसाच उघडा राहिला होता. माझ्याकडे बघून तिच्या लक्षात आलं.

मी म्हटलं, “खुणेशिवाय फोटो दाराबाहेर गेला.”

“हो.”

“दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा.”

“बाईंनी जसा होता तसा मागितला होता, बाबा. दुसरा कसा पाठवणार?” ती मागे हटली नाही. मग म्हणाली, “तुमची खूण मी खोटी केली नाही.”

खणातून तिने तिचा नमुना काढून माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने उलटा केला. पाठ कोरी. मी पेन्सिल घेतली, तसा तिचा सुटकेचा सुस्कारा मला ऐकू आला. पण मी खूण केली नाही. पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “ही तुझी सकाळ आहे. तू कर.”

ती नको नको म्हणाली. मी हटलो नाही. तिने खूण केली, जरा वाकडी, पहिलीच आहे. मग मी निळा नमुना फाडायला घेतला तर तिने हातातून काढून घेतला. म्हणाली, राहू दे, याच्यावर तुमची आहे. तो आता तिच्या खणात आहे, शालीखाली.

२३ एप्रिल

ही सकाळपासून विचारते आहे, चादर कुठे आहे. वाचनालयात राहिली असं सांगितलं तर म्हणाली, भिंतीवर तर लावली नाहीत ना? आता हिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागणार. बिचारीला यातलं काहीच माहीत नाही.

चष्मेवाल्याची काच पुसून आलो. पैज हरलो हे मान्य, पण मोतीबिंदू सापडला तो मी पैज घेतली म्हणूनच, हेही नोंदवून ठेवतो. कारभारीण तर नको म्हणत होती.

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. हल्ली गिऱ्हाईक आलं की त्याला मी दोन मिनिटं बसवून घेतो आणि सांगतो, वाचनालयातला घोडा बघितलात का? टिपला मी, पण खरा केला तो आमच्या कारभारणीने. मग ती आतून ओरडते, बाबा, पुरे. मी पुरे करत नाही.

दुपारी एक बाई पासपोर्टचे फोटो न्यायला आल्या. कारभारणीने नेहमीसारखे ते माझ्यापुढे आणून ठेवले आणि पेन्सिल पुढे केली. मी फोटो बघितलेच नाहीत, तसेच तिच्याकडे सरकवले. तिने एकेक उलटा करून मागे खूण केली, आणि ते दाराबाहेर गेले.